कॉलेजच्या मैदानावर कोच असतो, मग हजेरीपटावर का नसतो?

पहाटपाळी | सोमवार, रात्री ९.४०

आमचे ॲथलेटिक्सचे सर दोन महिन्यांपासून कॉलेजच्या मैदानावर येत नाहीत. गुडघा गेलाय. "निवृत्त झाले" असं मी लिहिणार होते, पण ते कधी नोकरीतच नव्हते.

तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, मातीचं मैदान आणि सतरा वर्षं पहाटे साडेपाचला सायकलवरून येणारा माणूस. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण असं अनेक ठिकाणी चालतं हे मी पाहिलंय. संस्था सरांना मानधन द्यायची. मी होते तेव्हा महिना दीड हजार, अगदी शेवटी सहा हजार. तेही जुलै ते फेब्रुवारी. विद्यापीठाची झोनल (विभागीय) स्पर्धा झाली, इंटरझोनल (आंतरविभागीय) झाली की मानधन बंद. मार्च ते जून पोरं पळायची थांबत नाहीत, उलट सगळी पायाभरणी त्याच महिन्यांत होते. ते चार महिने सर तसेच यायचे. दुपारी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायचे.

मी ४०० मीटर हर्डल्सची. दहा अडथळे, मुलींचे ७६.२ सेंटिमीटर उंचीचे. पहिला ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरवर एक, शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा ४० मीटर. कॉलेजकडे अडथळे होते चार, त्यातल्या एकाचा पाय वाकलेला. सरांनी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा करून आणले, पैसे स्वतःचे. शनिवारी संध्याकाळी फक्कीने लेन आखायची, टेप धरायला आम्ही दोघी-तिघी. पहिल्या लेनचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजायचं, बाकीच्या लेनचं आतल्या रेषेपासून २० वर. इथे हयगय झाली की वळणावरचं अंतर चुकतं, आणि मग घड्याळात दिसणारी वेळही खोटी. रविवारी पाऊस पडला तर सोमवारी पहाटे पुन्हा आखणी.

पहिल्या अडथळ्यापर्यंत माझी २५ पावलं पडायची आणि शेवटची तीन आखडायची. सरांनी आठ आठवडे माझ्याकडून फक्त ते पहिले ४५ मीटर करून घेतले. स्वतः अडथळ्याशेजारी उकिडवे बसायचे, पाऊल कुठे पडलं तिथे बोटाने मातीत रेघ ओढायचे. २४ वर आणलं तेव्हा काही बोलले नाहीत, वहीत तारीख घातली. त्या वर्षी विद्यापीठात दुसरी आले. पुढे राज्य स्पर्धेत पदक मिळालं, आणि आज मी नोकरीत आहे ती खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून.

माझ्यासाठी शासनाने जागा ठेवली. मला तिथवर नेणाऱ्या माणसाचं सेवापुस्तक नाही, पीएफ नाही. मागच्या आठवड्यात सरांनी कॉलेजकडे अनुभवाचा दाखला मागितला. एका निवासी शाळेत मार्गदर्शकाचं काम मिळत होतं, फार पळापळ नसलेलं. कार्यालयातून उत्तर आलं, तुमचं नाव हजेरीपटावर नाही, दाखला कशाच्या आधारावर देणार?

मला इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचंय. कॉलेजात ॲथलेटिक्सचा कोच कोण नेमतं, कोणत्या नियमाने, आणि पैसे कुठून येतात? आणि सरांच्या दाखल्यासाठी काही करता येईल का?


फिजिकलडायरेक्टर | सोमवार, रात्री १०.२५

ताई, मी बावीस वर्षं याच खुर्चीत आहे, म्हणून आधी पद्धत सांगतो.

महाविद्यालयात मंजूर पद एकच असतं, शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पात्रता दिली आहे: एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी., स्वतः खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी. वेतन सहायक प्राध्यापकाइतकंच, लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पद मानाचं आहे. पण ते प्रशिक्षकाचं पद नाही, हे लोकांना ठाऊक नसतं.

माझं वर्ष कसं जातं बघा. जुलैमध्ये प्रवेशिका आणि पात्रता अर्ज, प्रत्येक मुलाचं बारावीचं मार्कशीट, बोनाफाईड, फोटो. मग संघ निवड, किटची कोटेशनं, टीए-डीएची बिलं, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) तपासणीची फाईल, योग दिन, पंधरा ऑगस्टची परेड. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत वीस-बावीस खेळांचे संघ माझ्या सहीने जातात. मी व्हॉलीबॉलचा माणूस. भालाफेकीच्या मुलाला मी "जोर लाव" याच्यापलीकडे काही सांगू शकत नाही आणि चुकीचं सांगितलं तर त्याचा खांदा जाईल. म्हणून बाहेरचा जाणकार आणावा लागतो. त्या माणसासाठी वेतन अनुदानात जागाच नाही. मी जिमखान्याच्या, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या, पैशातून त्याचं मानधन काढतो, आणि दर वर्षी ते मंजूर करून घेण्यासाठी प्राचार्यांच्या दारात उभा राहतो.

त्यात संचालकांचीच पदं रिकामी. २०१८ साली उच्च शिक्षण विभागाने ४,७३८ पदं भरायला मान्यता दिली, त्यात संचालकांची १३९ होती. मधली कितीतरी वर्षं भरती बंद. जिथे संचालकच नाही तिथे इंग्रजीच्या नाहीतर कॉमर्सच्या प्राध्यापकाकडे जिमखान्याचा कार्यभार असतो, तो कोचसाठी काय भांडणार?


माणदेशी | सोमवार, रात्री १०.५०

धागा मनाला लागला. आमच्या माण तालुक्यातली धावपटू ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली तेव्हा गावोगाव फ्लेक्स लागले होते. शाळा-कॉलेजात तिच्या मागोमाग पळणाऱ्या मुलींना वेळ लावून देणारी माणसं आजही तशीच बिनपगारी आहेत. वाचतोय.


एनआयएस_पतियाळा | मंगळवार, सकाळी ७.१५

फिजिकलडायरेक्टर सरांनी बरोबर मांडलंय, पण एक गाठ त्यांनी सोडवली नाही. ती माझ्या आयुष्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून ॲथलेटिक्सचा डिप्लोमा केला. कोच तयार करणारी देशातली सगळ्यात मोठी संस्था, १९६१ पासूनची. वर्षभर पहाटे मैदान, दुपारी वर्ग: शरीरशास्त्र, बायोमेकॅनिक्स, भार कसा चढवायचा, कधी उतरवायचा. एका खेळात खोल शिरण्याचं शिक्षण. एवढं करून कॉलेजच्या संचालकपदाला मी पात्र नाही. कारण माझ्याकडे एम.पी.एड. आणि नेट नाही. आणि ज्याच्याकडे एम.पी.एड. आणि नेट आहे, त्याने तिहेरी उडीतली दुसरी झेप कशी दुरुस्त करायची हे कधी शिकलेलं असेलच असं नाही. दोन्ही शिक्षणं आपापल्या जागी योग्य आहेत. गडबड अशी की कॉलेजात जागा एकाचीच आहे आणि मैदानावर गरज दोघांची.

ती क्षमता चाचणीही पाहा. तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १,८०० मीटर पळायचं किंवा चालायचं, चाळिशीपर्यंत १,५००. स्त्रियांना ८ मिनिटांत १,०००, पुढे ८००. मला चाचणीवर आक्षेप नाही, उमेदवार तंदुरुस्त असावा. पण निवडीत कुठेतरी एक तास मैदानावरचाही हवा. समोर सहा मुलं उभी करा, एक गोळा द्या आणि बघा हा माणूस काय बघतो, काय सांगतो. मी तीन ठिकाणी मुलाखत दिली मानधनाच्या कामासाठी. तिन्हीकडे पहिला प्रश्न होता, "किती घेणार?"

केंद्राच्या बाजूला थोडी वाट आहे. साईने (भारतीय क्रीडा प्राधिकरणाने) २०२१ मध्ये करारावर असिस्टंट कोच घेतले तेव्हा ४१,४२० पासून वेतन जाहीर केलं होतं, आणि तिथे हाच डिप्लोमा चालतो. खेलो इंडिया केंद्रात माजी खेळाडूला कोच म्हणून नेमतात, केंद्राला वर्षाला ५ लाख, त्यातले ३ लाख कोचचे, म्हणजे महिना २५,०००. मी सध्या अशाच एका केंद्रावर आहे. रक्कम उशिरा येते, पण कागदावर माझं पदनाम आहे. धागाकर्तीच्या सरांना तेही मिळालं नाही. ताई, सरांकडे पावत्या, व्हाउचर, काही आहे का?


पहाटपाळी | मंगळवार, सकाळी ८.०५

व्हाउचरवर सही घ्यायचे एवढं त्यांना आठवतं. प्रत त्यांच्याकडे एकही नाही. वह्या मात्र आहेत, सतरा वर्षांच्या. प्रत्येक मुलाच्या वेळा, तारखेसकट.


विश्वस्त_छोटीसंस्था | मंगळवार, दुपारी १.३०

दुसरी बाजू मांडतो, गैरसमज करून घेऊ नये. मी एका शिक्षणसंस्थेचा खजिनदार आहे. आमच्याकडे शेतकऱ्यांची, शेतमजुरांची मुलं. शुल्क वाढवलं तर ती येणार नाहीत. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, वीजबिल भरायला इकडून तिकडे पैसे फिरवतो. अशा वेळी ॲथलेटिक्सच्या कोचला बारा महिने पंधरा हजार द्यायचे तर ते कशातून? आणि एका खेळाला दिले की कबड्डी, खो-खो, कुस्तीचे कोच उद्या दारात येतील, आणि त्यांचंही म्हणणं खरंच असेल.

आम्ही नेमणूकपत्र देत नाही त्यालाही कारण आहे. सलग काम केल्याचा कागद दिला की उद्या कोणी कायम करण्याचा दावा लावेल, अशी सगळ्या संस्थाचालकांना भीती असते. वकीलही तेच सांगतात, कागद देऊ नका. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. घडतं ते असं.


एनआयएस_पतियाळा | मंगळवार, दुपारी २.१०

विश्वस्त साहेब, प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल आभार. पण कंत्राटाचा कागद देता येतो. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक तास, अमुक रक्कम" एवढा. कागद नसल्याने संस्था वाचते आणि माणूस बुडतो.


गोळाफेक_पुणे | मंगळवार, सायंकाळी ६.४५

मुलींच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मी तीन कॉलेजांसाठी थ्रो, म्हणजे फेकीचे प्रकार, शिकवलेत. मला पहिल्यांदा बोलावलं ते कोच म्हणून नव्हे. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई हवी, म्हणून "लेडी मॅनेजर". दिवसाचा भत्ता आणि एसटीचं तिकीट. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एका मुलीला ग्लाइड करताना, म्हणजे गोळा टाकण्याआधी वर्तुळात सरकताना, पाहिलं. मागचा पाय वर्तुळाच्या मध्यावर यायच्या आत तिचा खांदा उघडत होता. वसतिगृहाच्या जिन्यासमोर खडूने वर्तुळ काढलं, २.१३५ मीटर व्यासाचं, आणि गोळ्याशिवाय तासभर फक्त पाय करून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या आधीच्या फेकीपेक्षा ६० सेंटिमीटर लांब टाकला. त्यानंतर मला कोच म्हणून बोलावणं आलं.

पैसे? एका कॉलेजने महिना चार हजार कबूल केले आणि दिवाळीनंतर दिले. दुसऱ्याने सत्राच्या शेवटी शाल, श्रीफळ आणि पाकीट. बाळंतपणात मी पाच महिने गेले नाही, परत आले तेव्हा माझ्या जागी दुसरा माणूस होता. कोणी काढून टाकलं नव्हतं, कारण कोणी ठेवलंच नव्हतं. मुली फोन करून विचारायच्या, मॅडम कधी येणार? त्यांना काय सांगणार.

ज्या घरातून मुलगी पहाटे मैदानावर यायची असते, ते घर आधी विचारतं, तिथे बाई आहे का? तिथे बाई टिकायची असेल तर तिला पगार हवा. यापेक्षा वेगळा उपाय मला तरी ठाऊक नाही.


ओहायोकर | बुधवार, पहाटे ५.५०

मूळ साताऱ्याचा, तिहेरी उडीवाला. इकडे नोकरी करून एका विद्यापीठात जंपर्सना शिकवायचो, व्हॉलंटिअर कोच म्हणून, एक पैसा न घेता. तुमच्याकडचं वाचून वाटलं की इकडची गोष्ट सांगावी. अमेरिकेत सगळं आलबेल आहे असा समज असतो, पण इथेही हा प्रश्न कोर्टात जाऊन थोडाथोडा सुटलाय.

इथे कॉलेजच्या ट्रॅकला (ॲथलेटिक्सला) मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली गटवार असिस्टंट: स्प्रिंट आणि हर्डल्स, जंप्स, थ्रो, लांब पल्ला. जागेची जाहिरात निघते, समिती बसते, उमेदवाराला दोन दिवस बोलावून खेळाडूंशीही गाठ घालून देतात. सरकारी विद्यापीठ असेल तर पगार सार्वजनिक असतो, कोणीही पाहू शकतो. करारात बक्षिसाची कलमं असतात, कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा) जिंकली तर इतके, राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या अमुकमध्ये आले तर इतके. मोठ्या फुटबॉल विद्यापीठात ट्रॅकच्या मुख्य प्रशिक्षकाला लाखांत डॉलर मिळतात. लहान कॉलेजात तोच माणूस क्रॉसकंट्री, इनडोअर, आउटडोअर तिन्ही हंगाम ओढतो, नवीन मुलं शोधायला गाडी घेऊन हिंडतो आणि शाळामास्तराइतका पगार घेतो. आणि मुख्य प्रशिक्षक बदलला की बहुतेक वेळा असिस्टंटही जातात.

आता पगाराची लढाई. एनसीएएने, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेने, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खर्च कमी करायचा म्हणून नियम केला होता की एका प्रकारच्या असिस्टंट कोचला वर्षाला १६,००० डॉलरपेक्षा जास्त देता येणार नाही: १२,००० शैक्षणिक वर्षाचे, ४,००० उन्हाळ्याचे. कोच कोर्टात गेले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की सगळ्या विद्यापीठांनी एकत्र येऊन पगार ठरवून टाकणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

पण व्हॉलंटिअरचा नियम राहिलाच. पगारी कोचांची संख्या ठरलेली, त्याच्या पलीकडे कोणी हवा असेल तर तो बिनपगारी. मी त्यातला. सकाळी ऑफिस, दुपारी साडेतीनला मैदान, शनिवारी स्पर्धा. सोबतचा थ्रोचा व्हॉलंटिअर रात्री गोदामात काम करायचा. विद्यापीठाकडे पैसे असते तरी त्यांना आम्हाला पगार देता येत नव्हता, नियमच तसा होता. २०२३ च्या जानेवारीत एनसीएएच्या डिव्हिजन वनने (सर्वांत वरच्या गटाने) ते पदच रद्द केलं, १ जुलैपासून अंमल. म्हणजे त्या माणसांना पगार देता येईल अशी तरतूद झाली. बेसबॉलच्या आणि इतर खेळांच्या व्हॉलंटिअर कोचांनी मागच्या वर्षांच्या पगारासाठी दावे लावले. माझ्या विद्यापीठाने त्या वर्षी थ्रोवाल्याला पगारी केलं. मला विचारलं तेव्हा माझ्याच्याने नोकरी सोडवली नाही.


फिजिकलडायरेक्टर | बुधवार, सकाळी ९.२०

ओहायोकर, म्हणजे तुमच्याकडे नियम पगार द्यायला मनाई करत होता, आमच्याकडे नियमात त्या माणसाचं नावच नाही. आमच्या माणसाला दावा लावायला पायच नाही, कारण ज्याच्याविरुद्ध जायचं असा नियमच नाही.


ओहायोकर | बुधवार, सायंकाळी ७.३०

बरोबर. आणि हेही सांगून टाकतो, इथेही ट्रॅकची जागा पक्की नाही. २०२० मध्ये ब्राउन आणि क्लेमसन या विद्यापीठांनी मुलांचा ट्रॅक बंद करायचं जाहीर केलं होतं. माजी खेळाडूंनी उठाव केला तेव्हा दोन्हीकडे निर्णय मागे घ्यावा लागला. मिनेसोटात मात्र मुलांचा इनडोअर संघ गेलाच, आउटडोअर तेवढा वाचला. आता जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांच्या ट्रॅक संघात आता मुलांच्या ४५ आणि मुलींच्या ४५ एवढ्याच जागा. खेळाडू कमी झाले तर कोचही कमी होतील, या काळजीत इथले असिस्टंट आहेत.

ब्राउन, क्लेमसनचं उदाहरण यासाठी दिलं की तिथे माजी खेळाडू उभे राहिले. पहाटपाळी ताई, तुमच्या सरांच्या हाताखालून गेलेले किती जण आहेत?


भरती_अकॅडमी | बुधवार, रात्री ९.००

मी पोलीस भरतीची अकॅडमी चालवतो. हा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून मनापासून सांगतो. आज ग्रामीण भागातला ॲथलेटिक्सचा कोच जगतोय तो भरतीवर. पोलीस भरतीला मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक, पन्नास गुणांची मैदानी. मुलं महिना दीड-दोन हजार फी देतात, कारण पुढे नोकरी दिसते. माझ्याकडे एक माणूस आहे, राज्यस्तरावर ८०० मीटर धावलेला, उत्तम कोच. कॉलेजने त्याला तीन हजार देऊ केले होते, मी अठरा देतो.

पण त्याने माझ्याकडे येऊन काय गमावलं ते मी रोज बघतो. सतरा वर्षांचा पोरगा पायात दम घेऊन येतो, त्याला चार वर्षं नीट घडवलं तर तो राष्ट्रीय स्पर्धेत पळेल. आमच्याकडे त्याला चार महिन्यांत पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत १,६०० काढायचे असतात. मग आम्ही रोज दमछाक करून घेतो. नडगी दुखते, तरी पळतो. भरती झाली की पळणं संपलं. कोचला ते दिसतं, तो रात्री मला सांगतो, हा मुलगा १,५०० चा होता हो. मी काय उत्तर देऊ? माझं दुकान भरतीवर चालतं. घडवायची जागा कॉलेज आहे, तिथे चार वर्षं मुलगा एका ठिकाणी असतो.


नाशिकची_स्नेहल | बुधवार, रात्री १०.१५

वरच्या प्रतिसादाला जोडून. पगारी कोच एका गावात वर्षानुवर्षं राहिला तर काय होतं ते आम्ही नाशिककरांनी पाहिलंय. साईचे विजेंदर सिंग इथे राहिले. त्यांच्या हाताखाली सावरपाड्याची कविता राऊत आली, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरचं कांस्य, त्याच वर्षी आशियाई रौप्य. मग संजीवनी जाधव, कॉलेजात शिकत असताना २०१७ ला तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य. दोघींच्या मेहनतीबद्दल बोलावं तेवढं थोडं. पण त्यांच्या कोचला दुपारी दुकानात हिशेब लिहायला जावं लागत नव्हतं, हेही खरं.


विश्वस्त_छोटीसंस्था | गुरुवार, सकाळी ११.००

दोन दिवस हा धागा डोक्यात होता. काल आमच्या कार्यकारिणीत विषय काढला. तालुक्यात चार कॉलेजं आहेत, प्रत्येकाने वेगळा कोच ठेवणं कोणालाच झेपत नाही. चौघांनी मिळून ॲथलेटिक्सचा एक ठेवला, चार ठिकाणचे पैसे एकत्र केले, मैदान तालुका क्रीडा संकुलाचं, तर बारा महिन्यांचे अठरा ते वीस हजार निघू शकतात. दोन प्राचार्य तयार आहेत. तिसऱ्यांचा प्रश्न आहे, पदक आलं तर कोणाच्या नावावर? मुलगा ज्या कॉलेजचा, पदक त्या कॉलेजचं, एवढं सोपं उत्तर मी दिलंय. करार अकरा महिन्यांचा नको, बारा महिन्यांचा करू असंही सुचवलंय. एनआयएस साहेब, कराराचा मसुदा असेल तर पाठवाल का?


एनआयएस_पतियाळा | गुरुवार, दुपारी १२.४०

पाठवतो. माझी एकच विनंती, निवडीच्या दिवशी मैदानावर अर्धा तास घ्या. आणि गोळाफेक_पुणे ताईंसारखं कोणी अर्ज करणार असेल तर प्रसूती रजेचं कलम आधीच घाला, मागून कोणी घालत नाही.


पहाटपाळी | पुढच्या मंगळवारी, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

ओहायोकर, तुमच्या प्रश्नावरून आम्ही यादी करायला बसलो. तीन दिवसांत ६३ नावं निघाली. त्यात अकरा जण पोलीस, चार जण शाळेत पीटी शिक्षक, एक रेल्वेत. शनिवारी आम्ही नऊ जण प्राचार्यांना भेटलो, सरांच्या वह्या घेऊन. प्राचार्य नवीन आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेखापालांना जुनी व्हाउचरं काढायला सांगितली. विद्यापीठाच्या स्पर्धांच्या प्रवेशिकाही निघाल्या, संघासोबतची व्यक्ती म्हणून चौदा वर्षं सरांचं नाव आणि सही. दोन वर्षं माझ्या नावाच्या खाली.

व्हाउचरं सापडली, गठ्ठ्यात बांधलेली. सरांचं सतरा वर्षांचं मानधन "मैदान देखभाल व किरकोळ" या शीर्षाखाली पडलेलं होतं, फक्की आणि दोरीच्या बिलांच्या मधोमध. लेखापाल बाई स्वतः एक एक व्हाउचर वेगळं काढत होत्या. एकावर रक्कम दीड हजार आणि कामाचा तपशील "मुले पळविणे" असा लिहिलेला. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

त्या व्हाउचरांच्या आणि प्रवेशिकांच्या आधारावर काल दाखला मिळाला. लेटरहेडवर, जावक क्रमांकासकट, "ॲथलेटिक्स प्रशिक्षक" या शब्दांत, सत्रनिहाय तारखा. मार्च ते जूनचे महिने त्यात नाहीत, त्यांचं व्हाउचर नाही. आम्ही त्यासाठी वह्यांतल्या पानांच्या झेरॉक्स जोडून वेगळा अर्ज दिलाय. संध्याकाळी दाखला घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी न घालता वहीत ठेवला आणि विचारलं, हर्डल्स आता कोण लावतं?